वृत्तपत्राचे अख्खे पान वाचायला लावणाऱ्या ग्रंथपालबाईंस

सन्माननीय ग्रंथपालबाई,
स.न.वि.वि.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी वृत्तपत्रांत छापून आलेल्या कवितांवरील माझा निबंध नुकताच पूर्ण झाला. त्याला जी दिशा मिळाली ती आपल्यामुळे, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे. मी आपल्याकडे कवितांची यादी घेऊन आलो होतो. आपण मात्र नुसती कात्रणे न देता त्या त्या अंकाची सगळी पाने उघडून दिलीत आणि शेजारच्या रकान्यांत काय आहे तेही वाचायला सांगितलेत.

त्या सांगण्याचे मोल मला लंडनच्या ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ या दैनिकाच्या २ मार्च १८१२ च्या अंकामुळे कळले. नॉटिंगहॅम परगण्यात मोजे विणणाऱ्या कारागिरांनी यंत्रांची मोडतोड चालवली होती आणि त्यांना फाशीची शिक्षा ठरवणारे विधेयक पार्लमेंटपुढे होते. २७ फेब्रुवारीला कवी लॉर्ड बायरन यांनी उमरावांच्या सभागृहात आपल्या पहिल्याच भाषणात त्याला विरोध केला आणि त्यानंतर काही दिवसांतच या पत्रात त्यांची निनावी कविता आली. माणसाच्या जिवापेक्षा मोज्यांना अधिक भाव येतो, असा तिचा जळजळीत रोख आहे. समग्र काव्यसंग्रहात ती किरकोळ उपहासिका म्हणून मागे पडते, परंतु विधेयकावर वाद चालू असताना वृत्तपत्रातून वाचणाऱ्याला ती त्याच वादातली एक बाजू वाटली असणार. विधेयकाचा कायदा त्याच महिन्यात झाला.

ली हंट यांच्या ‘एक्झामिनर’ या साप्ताहिकाचे अंकही आपण असेच सलग दाखवलेत. कीट्स यांची छापून आलेली पहिली कविता ५ मे १८१६ च्या अंकात केवळ आद्याक्षरांनिशी आहे. प्राचीन इजिप्तच्या राजाच्या भग्न पुतळ्यावरचे शेली यांचे ‘ओझिमँडियस’ हे सुनीत ११ जानेवारी १८१८ रोजी ‘ग्लिरास्टीस’ या टोपणनावाने आले आणि १ फेब्रुवारीला होरेस स्मिथ या त्यांच्या मित्राचे त्याच विषयावरचे सुनीत आले, कारण दोघांनी आपसांत चढाओढ लावून ती लिहिली होती. आज पाठ्यपुस्तकांत शेलींचेच सुनीत उरले आहे. साप्ताहिकाच्या वाचकाने मात्र तीन आठवड्यांच्या अंतराने दोन्ही वाचली, आणि माझ्या मते शेलींच्या कवितेची ताकद त्या तुलनेतच अधिक उमगते.

निनावीपणाचे दुसरे टोक चार्ल्स वुल्फ या आयरिश धर्मोपदेशकाच्या वाट्याला आले. स्पेनमधील कोरुन्ना येथे १८०९ मध्ये धारातीर्थी पडलेल्या ब्रिटिश सेनापती सर जॉन मूर यांच्या दफनावरची त्यांची कविता १८१७ मध्ये ‘न्यूरी टेलिग्राफ’ या आयरिश वृत्तपत्राने नावाविना छापली. तिथून ती एका पत्रातून दुसऱ्या पत्रात उतरवली गेली, कोणी ती बायरन यांची मानली, काहींनी तर स्वतःचीच म्हणून सांगितली. १८२३ मध्ये वुल्फ वारले आणि ती त्यांचीच असल्याचे लोकांना पटले ते त्यानंतर.

ब्रिटनमध्ये १८१५ पासून वृत्तपत्राच्या प्रत्येक प्रतीवर चार पेन्स मुद्रांक कर होता आणि दैनिके बहुधा चारच पानांची असत. इतक्या महागड्या जागेत संपादक कवितेला रकाना देत होते, यावरून वाचकांना ती किती हवीशी होती हे समजते. माझ्या निबंधाचा मुख्य मुद्दा यावरच उभा आहे.

यापुढे मला कलकत्त्याच्या ‘इंडिया गॅझेट’मध्ये ‘जुव्हेनिस’ या नावाने लिहिणाऱ्या हेन्री डिरोझिओ या तरुण इंग्रजी कवीच्या कविता, आणि त्यानंतर १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’चे मराठी व इंग्रजी रकाने याच पद्धतीने वाचायचे आहेत. त्या कामातही आपले मार्गदर्शन लाभावे, ही विनंती. निबंधाची एक प्रत ग्रंथालयासाठी सोबत पाठवत आहे.

आपला कृतज्ञ,
एक वाचक