पाटे वाढवायच्या आधी गाडी काट्यावर घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कॅराव्हॅनवरचा लेख वाचला, फोटो मस्त होते, पण सस्पेन्शनबद्दल शेवटी एकच ओळ, की मागचे पाटे (एक्सलवर गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढवून घ्या म्हणजे झालं. आणि नेमकं तिथंच लोक फसतात, म्हणून लिहितोय.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ ला आलं, आता पुण्यातपण टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यात आत घर बांधून घेणारे दिसायला लागलेत. साध्या गाडीतून पॅसेंजर उतरले की ती हलकी होते, ही कधीच होत नाही. पलंग, ओटा, बॅटऱ्या, फ्रिज, वर एसी आणि सोलर, सगळं बारा महिने पाट्यांवर बसलेलं. १०० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे १०० किलो, आणि बांधणारे ती बसवतात कुठं, तर मागच्या एक्सलच्याही मागे, कारण जागा तिथं असते! मग मागचा भाग बसतो, पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं, स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. पाटे वाढवले की उंची परत येते, हेडलाइटपण खाली येतो, पण पुढच्या चाकांवरचं गेलेलं वजन काही परत येत नाही. ते टाकी पुढे सरकवल्यावरच येणार. पण हे काम किचकट, पाटे टाकणं सोपं, म्हणून गॅरेजवाला पाटेच सुचवतो.

बरं, पाटे वाढवले आणि शॉकअप्सर जुनेच ठेवले तर प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी उड्या मारते, कारण पाटा वजन पेलतो, उसळी थांबवायचं काम शॉकअप्सरचं. आतल्या कपाटांचे स्क्रू ढिले होतात ते यानंच. ताम्हिणीत वळणावर गाडी झुलते ही तक्रार तर वेगळीच, तिथं अँटी रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) आणि बुश (जोडांमधले रबर) बघायला पाहिजेत, जास्तीचा पाटा हा त्याचा पहिला इलाज नाही.

एअर बलूनची, म्हणजे पाट्यांच्या मदतीला बसवायच्या हवेच्या रबरी फुग्यांची, सध्या फॅशन आहे. चांगली वस्तू आहे, माझा विरोध नाही. फक्त दोन्ही बाजूंची हवेची लाइन वेगवेगळी पाहिजे, एकच केली तर वळणावर दाबल्या गेलेल्या बाजूची हवा दुसरीकडे जाते आणि गाडी आणखीनच कलते. आणि प्रेशर भरलेल्या वजनाप्रमाणे ठेवायचं, टाकी रिकामी झाली की कमी करायचं. ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघून तसंच किट मागणाऱ्यांनी एवढं बघावं की तिथली बरीचशी कॅराव्हॅन गाडीच्या मागे ओढायची असते, आणि ब्रिटनमध्ये तर अनेकींना पाटेच नसतात, एक्सलच्या नळीतच रबर असतं. तो हिशोब आपल्या गाडीला कसा लागू होणार?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सस्पेन्शन कितीही भारी लावा, आरसीवरचं एकूण वजन एक किलोनंही वाढत नाही. ब्रेक तेच, टायर तेच, एक्सल तोच. त्यामुळे नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला जायच्या आधी टाक्या भरून, घरची मंडळी आत बसवून, हायवेवरच्या वजनकाट्यावर जा, आधी पुढची चाकं, मग मागची, मग पूर्ण गाडी. आकडा आरसीपेक्षा जास्त निघाला तर पाट्याचे पैसे वाचवा, सामान उतरवा.

आता आरटीओला एक विनंती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांवर बंधन घालतं, २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलं, मोटर कॅराव्हॅनला एआयएस-१२४ हे वेगळं स्टँडर्डपण आहे, आणि गाड्यांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था तर आपल्याच वेताळ टेकडीवर. तरी जास्तीचा पाटा किंवा एअर बलून लावायला परवानगी लागते का, हे विचारलं की जितकी गॅरेजं तितकी उत्तरं. आरटीओनं एका पानाची मराठी माहिती काढावी, आणि तुम्ही ती पुढच्या पुरवणीत छापावी.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे