पस्तीवाल्याला परत पाठवलं

बडोदे, रविवार

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर सरळ म्हणालास, "आई, पस्तीत देऊन टाक सगळी पुस्तकं, हल्ली सगळं मोबाइलवर मिळतं," आणि मी फोन ठेवला. रागाने नाही, कुकर झाला होता. बरं, थोडा रागही होता. काल पस्तीवाला काटा घेऊन दारात उभा. त्याला वर्तमानपत्रं दिली, पुस्तकांना हात लावू दिला नाही.

कारेलीबागच्या नव्या फ्लॅटमध्ये दांडिया बाजारातल्या या घरातलं कपाट मावत नाही, मी स्वतः टेप लावून आले. तेव्हा कपाटाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुझ्या अन्वीला मराठी वाचता येत नाही, ते मात्र डोक्यातून जात नाही.

बोलते गोड, नाही म्हणत नाही. गणपतीत आरतीही म्हटली तिने, पण समोर तुझा मोबाइल आणि त्यावर आरती इंग्रजी अक्षरांत! मृण्मयीला मी काही बोलले नाही. तुला बोलते आहे.

तू तरी कुठे मराठी शाळेत होतास? दुसरीत तुझी अक्षरं गुजरातीसारखी बोडकी असायची, क आणि ज तर सरळ गुजरातीच. पान भरलं की पट्टी घेऊन सगळ्या रेघा एकदम ओढायचास, त्या आडनावालाही ओलांडून पुढे जायच्या. त्याच वर्षी मे महिन्यात दिवाळी अंकातली व्यंगचित्रं बघता बघता खालच्या ओळी वाचायला लागलास. झोपाळ्यावर बसून, जेवायला हाका मारल्या तरी ओ नाही. बाबांनी त्या दिवशी पेढे आणले होते. परीक्षेत पहिला आलास तेव्हासुद्धा आणले नव्हते.

मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत तुला पहिल्यांदा नेलं तेव्हा काचेच्या जमिनीवर पाय टाकायला तयार नव्हतास. खालच्या मजल्यापर्यंत उजेड जावा म्हणून काच घातली आहे, हे बाबांनी समजावलं तरी त्यांचं बोट सोडलं नाहीस. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, फी माफ केली. पण शाळा सुटल्यावर हातात पुस्तक नसेल तर पोरं शिकलेलं विसरतात, हे त्यांना कळत होतं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना आणून वाचनालयं उभारली, खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. पादरा गावाकडे मास्तर असलेले पणजोबा पेटी आली की चावडीवर मोठ्याने वाचून दाखवायचे. एवढ्या मोठ्या संस्थानाच्या राजाला जी काळजी होती, ती तुला एका मुलीची का वाटू नये?

आलं माझं व्याख्यान. सोडून दे. तू दिवसभर त्या मीटिंगांमध्ये, मृण्मयीची नोकरी, मला दिसतं सगळं. शेजारच्या काकूंना मीच सांगत असते, आमचा निनाद केवढ्या जबाबदारीवर आहे. पण रोज पंधरा मिनिटं निघत नाहीत?

बाबांची लग्नाआधीची पत्रं ट्रंकेत आहेत. मी गेल्यावर तू वाचशील, जरा हसशीलही. तुझ्यानंतर ती कोण वाचणार? हे लिहायचं नव्हतं, पण आता खोडत नाही.

वाळवी लागलेली पुस्तकं मी बाजूला काढली आहेत, ती जातील. क्रमिक पुस्तकं आणि जुनी पंचांगं पण जातील. बाकीची कडुलिंबाचा पाला घालून खोक्यांत भरते आहे. मुलांच्या पुस्तकांचं खोकं ट्रान्सपोर्टने तुझ्याकडे येईल, घेताना कुरकुर करू नकोस.

आणि मे महिन्यात अन्वीला इकडे पाठव. ऊन फार म्हणून मृण्मयी नको म्हणेल, तर तिला सांग, नव्या घरी एसी आहे. मी रोज अर्धा तासच बसवीन, तुझ्यावर ओरडायचे तशी ओरडणार नाही. तिकीट आत्ताच काढ, सुट्टीत मिळत नाही.

तुझी,
आई