पिकाचू आणि मुस्तफा

दादा,

परवा फोनवर आई मध्येच बोलायला लागली आणि आपलं अर्धवट राहिलं, म्हणून लिहूनच टाकतो. विषय अथर्वच्या पिकाचूचा, पोकेमॉनमधल्या त्या बाहुलीचा. शनिवारी त्यासाठी इथं टोकियोत अकिहाबाराला गेलो, दुकानातून सरळ विकत घेतला असता तर पाच मिनिटांचं काम, पण मला अक्कल सुचली की गेम सेंटरमधून जिंकूनच पाठवू, पोराला सांगता येईल काकानं जिंकला म्हणून.

गेम सेंटर म्हणजे आपल्या स्टँडमागच्या व्हिडिओ गेम पार्लरचा श्रीमंत भाऊ, अख्खी बिल्डिंगच. आठवतंय ना, दूध आणायला म्हणून निघायचो आणि उरलेल्या सुट्ट्या पैशात मुस्तफा खेळायचो? त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉमनं १९९३ ला काढलेला, हे मला इथं आल्यावर कळलं, आपल्याकडं सगळे मुस्तफाच म्हणायचे. मला वाटायचं या गेमवाल्यांच्या देशात अजून तसाच दंगा असेल, स्पेस इन्व्हेडर्स गेम पण इथलाच की, तायतो कंपनीचा, १९७८ चा. तर कसलं काय. १९८६ ला जपानभर २६ हजारांच्या आसपास गेम सेंटर होती, २०१९ ला चारेक हजार उरली. सेगासारख्या मोठ्या गेम कंपनीनं सुद्धा २०२० च्या शेवटी या धंद्यातला मोठा हिस्सा विकून टाकला, आता तिथं सेगाच्या जागी गिगो या नावाचे बोर्ड आहेत.

लोक म्हणतात घरी प्लेस्टेशन आलं, मोबाईल आला, कोरोना आला. ते आहेच. पण मला सगळ्यात भारी वाटलं ते १०० येनच्या नाण्याचं प्रकरण. पूर्वीपासून एका गेमचे १०० येन, मशीनला नाणं तेच. १९८९ ला सरकारनं ३ टक्के टॅक्स लावला, मग ५, मग ८, २०१९ ला १०. दुकानदार ११० घेणार कसे? मशीनमध्ये दहाचं नाणं जात नाही, आणि एकदम २०० केले तर कोण खेळणार. म्हणजे टॅक्स त्याच शंभरातून भरायचा, लाईट आणि भाडं वाढतंय ते वेगळंच.

मग जुन्या गेमची जागा कशाला दिली? क्रेनला. काचेच्या पेटीत बाहुल्या आणि वरून चिमटा. आत शिरलास की मजलेच्या मजले तेच, टुरिस्टांची गर्दी, पोरी हसतायत. फायटिंग गेम वरच्या मजल्यावर कोपऱ्यात. तिथं मशीन पाठीला पाठ लावून असतात, समोर कोण बसलाय दिसतच नाही, हरलास तरी त्याचं तोंड बघायला मिळत नाही. आपल्याकडं खांद्याला खांदा, तू कोपर मारून माझं बटण चुकवायचास (कबूल कर आता). टोकियोतच ताकादानोबाबाला मिकादो म्हणून एक गेम सेंटर आहे, जुने गेम जपून ठेवलेत, टूर्नामेंट घेतात, तिथं मात्र गर्दीत उभं राहून मॅच बघणारे दिसतात, आपल्या पार्लरसारखे, फक्त ओरडत नाहीत.

आणखी एक गंमत, सकाळी सकाळी आजीआजोबा येऊन मेडलचे, म्हणजे खेळातल्या नाण्यांचे गेम खेळत बसतात. जिंकलेली मेडल पैशात बदलता येत नाहीत, घरीही नेता येत नाहीत, तरी रोज येतात, एसी असतो, ओळखीची माणसं भेटतात. आबांना इथं आणलं असतं तर पारावर बसल्यासारखे रमले असते.

असो, पिकाचू. चिमटा इतका ढिला की बाहुली उचलतो आणि वर जाऊन सोडतो, मुद्दामच तसा ठेवतात. १७ नाणी घातली. शेवटी तिथल्या पोराला बोलावलं, मागितलं की ते बाहुली जरा कडेला सरकवून देतात, त्यानं वाकून नमस्कार करून सरकवली आणि पुढच्या तीन नाण्यांत पडली. २००० येन! दुकानात याच्या निम्म्यात मिळतो म्हणे. हे वहिनीला सांगू नकोस, आईला तर नाहीच.

पार्सल सोमवारी टाकलंय. आणि जरा बघून सांग ना, त्या पार्लरच्या जागी आता काय आहे? मागच्या वेळी आलो तेव्हा शटर खाली होतं.

तुझा,
बंड्या