दुकान कायदेशीर आहे, मान्य

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "बाबा, लीड्समध्ये बेटिंग शॉप, म्हणजे पैजा लावायचं दुकान, कायदेशीर आहे." आहेच. 1960 च्या कायद्याने मुभा मिळाली आणि 1 मे 1961 पासून ब्रिटनमध्ये ही दुकानं उघडली. त्याआधी बुकीची माणसं गल्लीबोळांत चिठ्ठ्या गोळा करत. ते काही थांबेना, तेव्हा सरकारने त्यांना परवाना देऊन रस्त्यावरून दुकानात आणलं. आता गॅम्बलिंग कमिशनचा, म्हणजे जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेचा, परवाना लागतो, अठराच्या आतल्याला प्रवेश नाही.

आता हिशेब बघ. टॉसवर दोन्ही बाजूंना भाव 10/11 असतो. म्हणजे 11 पौंड लावायचे, जिंकलं तर वर 10. एकाने छाप्यावर 11 लावले, दुसऱ्याने काट्यावर 11. गल्ल्यात 22 आले, जिंकणाऱ्याला 21 गेले. उरलेला एक पौंड दुकानाचा, छापा पडो की काटा. एकाच बाजूला फार पैसा आला की भाव हलवतात. आणि तू खरंच हुशार निघालास, सतत जिंकू लागलास, तर तुझ्या खात्यावर मर्यादा घालतात. हरणाऱ्यावर मात्र अशी तत्परता फारशी दिसत नाही!

बँकेची नोकरी सांभाळून मी रविवारी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर टोटच्या, म्हणजे क्लबच्या पैजा घेणाऱ्या, खिडकीवर बसायचो, ते तुला माहीत आहे. टोटचं गणित निराळं: सगळ्यांचे पैसे एकत्र करायचे, कर आणि क्लबचा हिस्सा कापायचा, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं. कुठलाही घोडा येवो, टोटच्या खिशाला झळ नाही. बुकीला निदान भाव चुकायची धास्ती असते. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ, असं सुप्रीम कोर्टाने 1996 साली सांगितलं. क्रिकेटच्या सट्ट्याला ती सवलत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात 1887 चा जुगारबंदी कायदा अजून लागू आहे.

त्या दुकानांतल्या जुगाराच्या मशीनजवळ मात्र जाऊच नकोस. एका डावाला 100 पौंड लावता यायचे. इतके संसार बुडाले की एप्रिल 2019 मध्ये मर्यादा 2 पौंडांवर आणावी लागली. तीही मशीन कायदेशीरच होती.

डिसेंबरात येताना फोनमधलं ते पैजा लावायचं ॲप काढून ये. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने 2025 मध्ये केला आहे. खातं तिकडचं, असली पळवाट माझ्या घरात नको.

आई विचारते, लाडू डिंकाचे की मेथीचे? कळव.

तुझा,
बाबा