वाट नकाशात आहे, मोजायला माणूस नाही

मा. संपादक, नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यात आमच्या शिवारातली पायवाट जुन्या गावनकाशात तुटक रेषेनं दाखवलीय, पण दोन्ही बाजूनं ऊस आत सरकलाय आणि पावसाळ्यात शाळेची पोरं, म्हाताऱ्या बायका चिखलातनं बांधावरनं जातात. मोजणीचा अर्ज केला तर सांगतात भूकरमापक (जमीन मोजणारे सरकारी कर्मचारी) कमी आहेत, थांबा. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ नं तहसीलदार बांधावरनं वाट देऊ शकतात, पण ही तर नकाशातलीच वाट, ती नव्यानं का मागायची? भूकरमापकांच्या रिकाम्या जागा आधी भरा, ड्रोननं मोजणी वगैरे चांगलंच आहे पण भाऊबंदकीत उभं राहून हद्द दाखवायला माणूसच लागतो. आणि वाटेची नोंद सातबाराच्या इतर हक्कात पण घाला, जमीन विकली की नवा मालक वाट ओळखतच नाही.

- एक शेतकरी, कोल्हापूर