आईचे गरम पाय

कोल्हापूर,
रविवार रात्र

प्रिय दिन्या,

तुझे फोन आले, उचलले नाहीत. शिव्या घालायच्या तर घाल, पण आधी पुढचं वाच. आम्ही सगळे बरे. माझी शुगर आहे तिथंच आहे.

आईचा उजवा गुडघा बदलला. तिनंच शपथ घातली होती, ‘दिन्याला सांगू नको, उगाच धावत येईल.’ ऑपरेशन झकास झालं. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि तिथनं सुनेला शिकवते. लिहितोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. घरात सांगितली तर हसतात.

पूर्ण भूल नव्हती. एपिड्युरल दिलं होतं, कमरेत मणक्याजवळ बारीक नळी घालून. बाहेर आणलं तेव्हा बाई थडथड कापत होत्या. ‘आई, थंडी वाजतीय?’ तर म्हणते, ‘न्हाई रे, मला काय होत न्हाई.’ तेच वाक्य, लेका! गगनबावड्याच्या एसटीतलं! माझं डोकंच फिरलं. हात धरले तर बर्फ. पाय धरले तर गरम. मे महिन्यात मोजे घालणाऱ्या बाईचे पाय! जोडवी काढायला लावली होती (त्यावरनं आदल्या दिवशी महाभारत), तिथं बोटांवर पांढरे वळ आणि बाकी पाऊल गुलाबी, कोरडं ठणठणीत. मला वाटलं, जंतू शिरले, संपलं.

भूल देणाऱ्या मॅडम पोरसवदा, पण धीराच्या. म्हणाल्या, गरम पाय म्हणजे औषध नीट लागल्याची खूण. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळून धरायचं काम सिंपथेटिक नसांचं. पायांकडच्या या नसा छातीच्या खालच्या मणक्यांपासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत बाहेर पडतात. त्या बारीक, त्यामुळं औषधाला लवकर बळी पडतात. पकड सुटली की वाहिन्या सैलावतात, पायात रक्त उतरतं, घामही थांबतो. तुमच्या उसात आपण दारं मोडायचो, खालच्या सरीला पाणी धावायचं आणि वरचा पाट उतरायचा, तसंच. म्हणून बीपी पडतं. मग सलाईन आणि इंजेक्शन. शरीरही गप्प बसत नाही, वरच्या अंगातल्या वाहिन्या आणखी आवळतं, म्हणून हात गार.

अशी कमरेतनं भूल द्यायची विद्या १९२१ साली फिडेल पाजेस नावाच्या स्पेनच्या लष्करी सर्जननं मांडली. म्हणजे आपले शाहू महाराज हयात होते तेव्हा. तुला इतिहास लागतो म्हणून सांगितलं, नाहीतर त्या ऑफसाइड गोलासारखं ‘पुरावा दे’ म्हणशील. (तो ऑफसाइडच होता.)

आता माझी खरी गोम. आतली ऊब पायांकडं पसरते, पोटातलं तापमान पहिल्या तासात अर्धा-एक अंश उतरतं. पण पायांची कातडी उबदार, म्हणून मेंदूला वाटतं सगळं आलबेल. अंग कापतंय आणि माणसाला थंडी वाजत नाही. म्हणजे आई खरं बोलत होती रे! जन्मभर ‘मला काय होत न्हाई’ म्हणाली की मी उलटं धरून चालायचो, तोंड बघायचो, कपाळाला हात लावायचो. माझा सगळा कारभार तिच्या थापांवर चालायचा. आता तिचं खरंही धरवत नाही आणि खोटंही. रात्री उठून तिचे पाय चाचपतो. ती झोपेतच लाथ मारते, उजव्या पायानं. (फिजिओथेरपी चांगली चाललीय.) आमची ही म्हणते, ‘भूल तुम्हालाच द्यायला पाहिजे होती.’

दिवाळीनंतर डावा गुडघा. दम्यामुळं मॅडम पुन्हा एपिड्युरलच म्हणतात, गरम हवेचं पांघरूण आधीपासून घालतील, तापमान मोजत राहतील. त्यांच्याकडं यंत्रं आहेत, मान्य. पण बाहेर आणल्यावर तिला काय विचारायचं आणि काय ऐकायचं?

चाकणच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? पोरीचा निकाल वहिनींच्या स्टेटसवर बघितला, पेढे बाकी. तुझी पाठ कशी आहे?

तर मुद्दा असा की त्या दिवशी तू ये. तुझ्याशी ती खोटं बोलत नाही, का ते तिलाच माहीत, मला त्याचा रागही येतो. सुट्टी आत्ताच टाक. आणि माझं जर्किन कॉलेजपासून तुझ्याकडं आहे ते घेऊन ये, नाहीतर दारात उभा करणार नाही.

तुझाच,
बंड्या