फळांच्या लिंबू सरबताला ‘चवीनुसार’ नको, मोजमाप हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पुरवण्यांमधून फळांच्या लिंबू सरबताच्या कृती येऊ लागतात. त्या वाचायला छान असतात, पण बहुतेकींत फळ ‘एक वाटी’, लिंबू ‘दोन नग’ आणि साखर ‘चवीनुसार’ असते. किती सरबत तयार होणार, हे तर क्वचितच लिहिलेले असते. पातळ सालीच्या लहान लिंबातून २० ते ३० मिली रस निघतो, जाड सालीच्या मोठ्या पिवळ्या लिंबातून ४० ते ५० मिली. म्हणजे ‘दोन लिंबे’ हे माप ४० मिलीही असू शकते आणि १०० मिलीही. अशा कृतीवरून एकदा सरबत पाणचट होते, एकदा दात आंबतात, आणि करणाऱ्याला वाटते आपलाच हात बसलेला नाही. म्हणून विनंती अशी, की सरबताची कृती छापताना फळ ग्रॅममध्ये, रस मिलीलिटरमध्ये आणि शेवटचे एकूण माप लिटरमध्ये द्यावे. ते कसे ठरवायचे, ते पुढे लिहीत आहे.

तयार १ लिटर सरबतात फळातली धरून एकूण १०० ग्रॅम साखर आणि ५ ते ६ ग्रॅम आम्ल असले, की बहुतेकांना ते आंबटगोड आणि तहान भागवणारे लागते. लिंबाच्या रसात आम्ल साधारण ५ ते ६ टक्के असते, त्यामुळे नुसत्या लिंबू सरबतासाठी लिटरला १०० मिली रस पुरतो. फळ घातले की त्याची साखर आणि त्याचा आंबटपणा या हिशेबातून वजा करायचा. सगळी मेख इथे आहे, आणि छापील कृती नेमकी इथेच गप्प असते.

कलिंगडाचे उदाहरण घेऊ. त्याच्या १०० ग्रॅम गरात जेमतेम ६ ग्रॅम साखर असते आणि आंबटपणा जवळपास नाहीच. ५०० मिली गाळलेला रस घेतला तर त्यातून ३० ग्रॅम साखर आली, वर ७० ग्रॅम घालायची आणि लिंबू मात्र पूर्ण १०० मिली. द्राक्षांचे गणित उलटे. त्यांच्यात १०० ग्रॅमला १५ ते १६ ग्रॅम साखर असते, म्हणून ३०० मिली रसाला वरची साखर ५० ते ५५ ग्रॅम बास होते, आणि द्राक्षे स्वतः थोडी आंबट असल्याने लिंबू ७० मिलीवर थांबवावे. अननसाच्या ३०० मिली रसाला ७० ग्रॅम साखर आणि तेवढेच, ७० मिली लिंबू. पिकलेल्या आंब्याच्या २५० ग्रॅम गराला ६५ ग्रॅम साखर आणि ९० मिली लिंबू. फळ किती पिकले आहे त्यावर यात थोडा फरक पडतो, म्हणून ठरलेल्या साखरेतली १०-१५ ग्रॅम हातची राखावी.

पाण्याचे माप कृतीत देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जगला १ लिटरची खूण करावी, रस, पाक आणि लिंबू आत ओतावे आणि खुणेपर्यंत गार पाणी भरावे. साखर विरघळली तरी तिची जागा व्यापतेच (१०० ग्रॅमला साधारण ६० मिली), फळाच्या रसाचा अंदाज चुकतो, गाळताना थोडे सांडते. खुणेपर्यंत भरले की हे सगळे हिशेब आपोआप जुळतात.

साखर कोरडी टाकू नये. गार पाण्यात ती विरघळते, पण फार सावकाश. आपण ढवळून चव घेतो, गोड कमी वाटते, आणखी एक चमचा टाकतो आणि अर्ध्या तासाने तळाची साखर विरघळल्यावर सरबत गोडमिट्ट होते. त्यापेक्षा साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन, म्हणजे २०० ग्रॅम साखर आणि २०० मिली पाणी, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ढवळावे. उकळत ठेवून तार आणायची नाही, कारण पाणी आटले की माप गेले. याचा सुमारे ३२५ मिली पाक होतो, म्हणजे १०० ग्रॅम साखर हवी असेल तेव्हा १६० मिली पाक ओतायचा. स्वच्छ कोरड्या बाटलीत, फ्रिजमध्ये तो दोन आठवडे सहज टिकतो. पाक हाताला कोमट लागेपर्यंत थांबूनच त्यात लिंबू पिळावे. गरम पाकात पिळले तर लिंबाचा ताजा वास वाफेबरोबर निघून जातो आणि शिजवल्यासारखी चव मागे राहते.

आता कडवटपणा. सर्वांत जास्त सरबते यानेच वाया जातात, आणि तो झाल्यावर काढता येत नाही. लिंबाचा पिवळा किंवा हिरवा पापुद्रा सुगंधी तेलाचा, पण त्याखालचा पांढरा थर आणि बिया कडू. साली-बियांसकट लिंबू मिक्सरमध्ये फिरवायची कृती हल्ली बरीच दिसते. ते सरबत पहिल्या पाच मिनिटांत चविष्ट लागते, पुढे मात्र कडू होत जाते. पांढऱ्या थरात आणि बियांत एक घटक असतो, जो फळ अखंड असताना कडू नसतो. रसातल्या आम्लात मिसळला, की त्याचे हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात रूपांतर होते. म्हणून करताना चाखलेले सरबत छान लागते आणि तेच संध्याकाळी पाहुण्यांपुढे ठेवल्यावर तोंड वाकडे होते. संत्र्याच्या रसातही हाच प्रकार घडतो, तेव्हा संत्रे घातलेले सरबत करून ठेवू नये, लगेच प्यावे.

यावर उपाय साधेच आहेत. लिंबू फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावे, ओट्यावर तळहाताने दाबून फिरवावे, आडवे कापावे आणि रस सहज निघतोय तोवरच पिळावे. शेवटचे चार थेंब काढायला साल उलटी करून पिळली तर रसाबरोबर पांढऱ्या थराचा कडूपणा उतरतो. बिया रसात पडू देऊ नयेत, गाळणीवरच पिळावे. लिंबाचा सुगंध जास्त हवा असेल तर साल धुऊन, पुसून बारीक किसणीवर फक्त वरचा पापुद्रा किसावा. एका लिंबाचा कीस १०० ग्रॅम साखरेत बोटांनी चोळून तासभर झाकून ठेवला की साखर ओलसर आणि पिवळसर होते, कारण सालीतले तेल तिच्यात उतरते. त्या साखरेचा पाक करून गाळून घ्यावा. सालीवर मेणाचा चकचकीत थर असेल तर आधी गरम पाण्यात ब्रशने घासावे.

भांडे काचेचे किंवा स्टीलचे असावे. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ यांच्याशी लिंबाच्या आम्लाची क्रिया होऊन धातू सरबतात उतरतो.

फळ कोणते, त्यावर रस काढायची रीत ठरते. स्ट्रॉबेरी आधी धुवावी आणि मग देठ काढावे. देठ काढून धुतली तर ती पाणी पिते आणि चव जाते. ३०० ग्रॅम स्ट्रॉबेरीचे तुकडे ८५ ग्रॅम साखरेत ४० मिनिटे मुरत ठेवले, की साखर रस बाहेर ओढून घेते आणि वाडग्याच्या तळाशी लालभडक पाक जमतो. मग चमच्याने चेचून गाळावे. गाळणीत उरलेल्या चोथ्यात बरीच साखर अडकलेली असते, म्हणून त्यावर १०० मिली पाणी ओतून पुन्हा गाळावे. यात ६५ मिली लिंबू घालताच रंग आणखी उजळतो, कारण स्ट्रॉबेरीचे रंगद्रव्य आम्लात लाल खुलते. स्ट्रॉबेरी शिजवू मात्र नये, जॅमचा वास येतो.

कलिंगड तर चुकूनही गरम करू नये, शिजलेल्या भोपळ्यासारखा वास येतो. कापण्याआधी आख्खे कलिंगड वाहत्या पाण्याखाली घासून धुवावे, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. त्याच्या रसात आंबटपणा नसल्यामुळे जंतूंना तो मानवतो, तेव्हा रस काढल्यावर लिंबू लगेच घालावे. थोड्या वेळाने गर वेगळा होऊन थर दिसतो. तो दोष नाही, ढवळून घ्यावे.

डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये वाटले तर बिया फुटून रस तुरट होतो. एकदोनदाच झटका देऊन बंद करावे, किंवा दाणे पिशवीत घालून लाटण्याने दाबावेत. बियांच्या काळ्या द्राक्षांचेही तसेच. त्यांचा रंग सालीत असतो, म्हणून दाणे पाच मिनिटे मंद आचेवर गरम करून मग चेचून गाळले तर रंग चांगला उतरतो. अननसाचा फेस बसायला दहा मिनिटे द्यावीत. सफरचंद मिक्सरमध्ये टाकण्याआधी भांड्यात लिंबाचा रस असायला हवा, नाहीतर गर बघता बघता तपकिरी पडतो. पुदिना वाटू नये, तळहातावर एकदा थापटून जगमध्ये टाकावा आणि अर्ध्या तासाने काढावा.

बर्फाचाही हिशेब असतो. ३० अंश तापमानाचे २०० मिली सरबत ५ अंशांवर आणायला जवळपास ६० ग्रॅम बर्फ वितळतो, म्हणजे ग्लासात चौथाई पाणी वाढले. तेच सरबत फ्रिजमध्ये ८ अंशांपर्यंत गार झालेले असेल, तर ७-८ ग्रॅमच वितळतो. तेव्हा सरबत आधी दोन-तीन तास गार करावे. तेवढा वेळ नसेल तर खुणेपेक्षा २०० मिली पाणी कमी घालून दाट ठेवावे, बाकीचे काम बर्फ करतो. शेवटची चव गार झाल्यावरच घ्यावी, कारण गार पदार्थाचा गोडवा जिभेला कमी जाणवतो. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. गोठवल्याने पाण्यातले जंतू मरत नाहीत.

सोडा घालायचा असेल तर १ भाग दाट सरबताला २ भाग गार सोडा, तोही ग्लासातच. सोड्याला स्वतःचा किंचित आंबटपणा असतो, म्हणून लिंबू थोडे कमी घ्यावे. रस बारीक गाळणीतून दोनदा गाळावा. गराचे कण राहिले तर फेस उसळून सोडा बसतो.

चव चुकलीच, तर लिटरभर आंबट सरबतात २० मिली पाक घालून पाहावा. फार गोड झाले तर नुसते पाणी ओतून भागत नाही, त्याने ते बेचव होते; १० मिली लिंबू आणि ५० मिली पाणी एकत्र घालावे. सपक लागत असेल तर लिटरला १ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या चमच्याचा सहावा हिस्सा. मिठाने किंचित कडवटपणाही झाकला जातो, पण किंचितच.

तयार सरबत बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. कडक उन्हाळ्यात एक तासच. फ्रिजमध्ये ठेवले तरी २४ तासांत संपवावे. पुढच्या दिवसांची सोय करायची तर पाक, लिंबाचा रस आणि फळांचा गर वेगवेगळे ठेवावेत. लिंबाचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून त्याच्या वड्या पिशवीत भरल्या की दोन-तीन महिने वापरता येतात. ट्रेचा एक कप्पा किती मिलीचा आहे ते पाण्याने एकदा मोजून ठेवावे. काचेची बाटली भरून गोठवायला ठेवू नये, पाणी गोठताना फुगते आणि बाटली तडकते.

साखरेबद्दल स्पष्ट लिहायला हवे. या मापाच्या २५० मिली ग्लासात २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, २००० कॅलरींच्या आहारात ती होते सुमारे ५० ग्रॅम. फळाच्या रसातली साखरही याच खात्यात धरतात, त्यामुळे ‘साखर घातलीच नाही, फळाचीच आहे’ या समजुतीत तथ्य नाही. साखर लिटरला ७० ग्रॅमवर आणायची असेल तर लिंबूही ७० मिलीपर्यंत खाली आणावे, तोल टिकतो. साखरेऐवजी मध घालणाऱ्यांनी वर्षाच्या आतल्या बाळाला ते सरबत चाखवू नये.

लिंबे पिळून झाल्यावर हात साबणाने धुवावेत, मगच उन्हात जावे. लिंबाच्या रसातले काही घटक त्वचेवर असताना ऊन लागले तर एकदोन दिवसांनी भाजल्यासारखे फोड आणि काळे डाग उठतात. अंगणात बसून ढीगभर लिंबे पिळणाऱ्यांना हे होऊ शकते.

आणखी एक. जुलाब होणाऱ्या माणसाला, विशेषतः लहान मुलाला, हे सरबत देऊ नये. लिटरला १०० ग्रॅम साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीत लिटरला फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, सोबत मोजलेले क्षार असतात. तिचे पाकीट घरात वेगळे ठेवावे आणि त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात ते विरघळवावे.

कळावे,
आपली,
एक वाचक